‘अस्वस्थ होणे’ हा एकच शब्द किती इंग्रजी क्रियापदांना पुरवायचा?

प्रश्न

नमस्कार. मी सध्या एका इंग्रजी दीर्घकथेचा मराठी अनुवाद करत आहे. पहिला खर्डा वाचताना लक्षात आले, की अनसेटल, डिस्कन्सर्ट, पर्टर्ब, फ्लस्टर आणि रॅटल या पाचही क्रियापदांच्या जागी मी ‘अस्वस्थ होणे’ हेच लिहून मोकळी झाले आहे. लेखिकेने मात्र प्रत्येक शब्द निवडून वापरला असावा असे वाटते. कथेतील तरुणी मुलाखतीला जाते. तिचे उत्तर संपल्यावरही समितीतील एक सदस्य काही न बोलता तिच्याकडे नुसता पाहत राहतो, तेथे डिस्कन्सर्ट आले आहे. पाठोपाठ तिघे एकदम प्रश्न विचारू लागतात आणि तिच्या हातातील कागद खाली पडतात, तेथे फ्लस्टर आहे. त्या रात्री एक वाक्य तिच्या मनातून जात नाही, तेथे पर्टर्ब आहे. कोशात पाहावे तर एका शब्दाचा अर्थ दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याचा पुन्हा पहिल्याकडे पाठवतो. या शब्दांतला नेमका फरक कोणी समजावून सांगाल का?

उत्तर १

तुमची शंका रास्त आहे. कोशांनी येथे फारशी मदत न करण्याचे कारण असे, की हे शब्द तीव्रतेच्या एकाच पट्टीवर कमी-जास्त अंतरावर बसवलेले नाहीत. ‘किती अस्वस्थ’ असे न विचारता ‘काय विस्कटले’ असे विचारले, की ते आपोआप वेगळे होतात.

डिस्कन्सर्टमध्ये विस्कटते ती अपेक्षा. या शब्दात कन्सर्ट आहे, म्हणजे जुळणी, मेळ. तो मेळ मोडणे हा मूळ अर्थ असल्याने पूर्वी हे क्रियापद आखलेले बेत उधळण्यासाठीही वापरले जात असे. आपण मनात धरले होते की उत्तर संपले म्हणजे समोरचा मान हलवील किंवा पुढचा प्रश्न विचारील; तो तसे काहीच करत नाही आणि आता कसे वागावे हेच क्षणभर सुचेनासे होते. भीती नाही, दुःख नाही, फक्त पायाखालची पायरी एक इंच खाली निघावी तसे होते. तुमच्या प्रसंगात ‘गोंधळली’पेक्षा ‘बावरली’ किंवा ‘तिला काय करावे ते सुचेना’ अधिक जवळचे वाटते.

फ्लस्टरमध्ये विस्कटते ती कृती, आणि ती इतरांना दिसते. चेहरा लाल होतो, शब्द अडखळतात, हातातले सुटते. घाई किंवा एकाच वेळी अनेकांचा तगादा हे त्याचे नेहमीचे कारण. मद्याने किंचित झिंगणे असाही या शब्दाचा एक जुना अर्थ होता, आणि त्या लालबुंद, हडबडलेल्या अवस्थेची छटा आजही त्यात जाणवते. मराठीत यासाठी शब्दांची चंगळ आहे: गांगरणे, भांबावणे, धांदल उडणे, तारांबळ उडणे. हे क्रियापद माणसांपुरतेच आहे. शेअर बाजार रॅटल होऊ शकतो, फ्लस्टर होत नाही.

रॅटल म्हणजे डब्यातल्या सुट्या वस्तूंचा खडखडाट. येथे हलतो तो आत्मविश्वास, आणि बहुधा कोणीतरी तो हलवलेला असतो. उलटतपासणीत एका प्रश्नाने रॅटल झालेला साक्षीदार पुढची सोपी उत्तरेही चुकवू लागतो. मराठीत ‘हबकला’, ‘डगमगला’ म्हणता येईल.

पर्टर्ब आणि डिस्टर्ब यांचे मूळ एकच, लॅटिनमधला गडबड-गोंधळ दाखवणारा टुर्बा हा शब्द. डिस्टर्ब मात्र दोन्ही अंगांनी फार पसरले आहे. दाराबाहेर टांगलेल्या पाटीवर ‘डू नॉट डिस्टर्ब’ असते, कारण तेथे फक्त व्यत्यय नको असतो. आणि एखादे दृश्य डिस्टर्बिंग असते तेव्हा ते मनाला खोलवर हादरवते. पर्टर्ब यांपैकी काहीच करत नाही. ते औपचारिक आहे, संयत आहे, आणि त्यात मन आपल्या ठरलेल्या मार्गावरून थोडे ढळते. खगोलशास्त्राने हा शब्द नेमका याच अर्थाने घेतला: युरेनस गणिताने काढलेल्या मार्गावरून किंचित सरकलेला दिसत होता, त्या पर्टर्बेशनवरूनच न दिसलेल्या ग्रहाची जागा मांडली गेली आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. दुरून कोणीतरी ओढत आहे आणि म्हणून वाट वाकते आहे, हे चित्र तुमच्या नायिकेच्या त्या रात्रीला चपखल लागू पडते.

अनसेटल हा सर्वांत संथ शब्द आहे. बसलेले उठते, घडी विस्कटते. हवा, पोट, हिशेब, मन, काहीही अनसेटल्ड असू शकते. कारण बोट ठेवून सांगता येत नाही, पण काहीतरी जागेवर नाही ही जाणीव राहते. ‘अस्वस्थ’ राखून ठेवायचाच असेल तर तो येथे ठेवा. स्वस्थ म्हणजे स्वतःच्या ठिकाणी असलेला, आणि अनसेटल नेमके तेच काढून घेते.

उत्तर २

वरील विवेचनात तीन शब्दांची भर घालावीशी वाटते.

डिस्कम्फिटबाबत सावध राहा. डिस्कम्फर्टशी त्याचे नाते नाही. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ रणांगणात पराभव करणे असा होता, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात यहोशवा अमालेकाचा तलवारीने पराभव करतो तेथे हेच क्रियापद आहे. पुढे उच्चाराच्या साधर्म्यामुळे तो ‘अवघडून टाकणे’ या अर्थाकडे वळला. तरी हरल्याची सल त्यात उरली आहे. ‘खजील करणे’, ‘वरमायला लावणे’ हे त्याचे मराठी शेजारी.

अननर्व्हमधला नर्व्ह मुळात स्नायूबंध होता, म्हणून त्यात अंगातले बळच जाते: ‘धीर खचणे’.

फेझ हे क्रियापद जवळजवळ नेहमी नकारातच भेटते. टीकेने ती फेझ झाली नाही, म्हणजे तिने टीकेला भीक घातली नाही. टप्पा या अर्थाचा फेझ उच्चाराने तसाच असला तरी तो पी-एचने लिहितात, हा एफने. छापील मजकुरातही ही चूक आढळते.

उत्तर ३

अर्थाइतकाच वाक्यरचनेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. ही सर्व इंग्रजी क्रियापदे सकर्मक आहेत. कारण कर्त्याच्या जागी बसते आणि माणूस कर्म होतो. मराठीत सहसा उलट घडते, माणूस कर्ता होतो आणि कारणाला तृतीया लागते. ‘त्याच्या मौनाने तिला बावरवले’ हे व्याकरणाने चुकत नाही, पण कानाला परके लागते. ‘त्याच्या मौनाने ती बावरली’ म्हटले की वाक्य आपले होते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन वाक्ये पुन्हा लिहिली: ‘तो काहीच बोलेना, तशी ती बावरली.’ ‘तिघांनी एकदम विचारायला सुरुवात केली तेव्हा ती पार गांगरली आणि कागद हातून निसटले.’ ‘त्या वाक्याने तिचे मन विचलित झाले.’ पहिल्या दोन वाक्यांवर माझे समाधान आहे. तिसरे अजून कोरडे वाटते.

उत्तर १ लिहिणाऱ्याचा प्रतिसाद

तिसऱ्यात ‘विचलित’ अर्थाने बरोबर आहे, पण एका रात्रीच्या एकांताला तो शब्द जड होतो. पर्टर्बचा औपचारिकपणा निवेदनाच्या इतर वाक्यांत सांभाळता येईल, येथे ओढ सांभाळावी: ‘ते वाक्य तिच्या मनाला थारा लागू देईना.’