६५ एचपीचा कब (छोटं विमान) मे महिन्यात रत्नागिरीतून धड चढत नाही, खरंच असं होतं का?

काटळावरचा:
नमस्कार मंडळी. आमच्या आबांनी साठच्या दशकात एका फ्लाइंग क्लबात पुष्पक नावाचं छोटं विमान उडवलं होतं, त्यांचं लॉगबुक घरी जपून ठेवलंय आणि त्यात एप्रिल-मेच्या काही नोंदींसमोर पेनाने "दोघे, चढ फार मंद" असं लिहिलंय. आबा आता नाहीत, विचारणार कोणाला. पुष्पक काही मिळालं नाही म्हणून सिम्युलेटरवर पायपर जे-३ कब घेतला, ६५ एचपी, दोन माणसं, टाकी फुल, म्हणजे वजन १२२० पौंडाच्या लिमिटला, आणि रत्नागिरीहून उठून आंबा घाटाकडे निघालो. पुस्तकात चढ मिनिटाला ४५० फूट दिलाय, १५ डिग्रीला तेवढा मिळतोसुद्धा, पण तापमान ३५ केलं की जेमतेम ३००, आणि साखरप्याच्या पुढे ३००० फुटांवर गेलो की २०० च्याही खाली. गरम हवेत इंजिनाची ताकद ९-१० टक्केच कमी होते असं वाचलंय, मग चढ एवढा का मरतो? सिम चुकतंय की माझं काही चुकतंय?

खाडीकाठ:
सिम बरोबर आहे भाऊ. तुम्ही रत्नागिरीचे म्हणजे हे बघितलंच असेल, बारक्या इंजिनची होडी ओहोटीला खाडीच्या तोंडातून आत येते तेव्हा इंजिन फुल असतं पण होडी मुंगीसारखी सरकते, कारण इंजिनाचा बहुतेक जोर ओढ कापण्यातच जातो आणि उरतो तेवढ्यानेच होडी पुढे येते. विमानाचंही तेच. चढ हा इंजिनाच्या सगळ्या ताकदीतून मिळत नाही, नुसतं सरळ उडत राहायला जी लागते ती वजा करून जी उरते तिच्यातून मिळतो.

ढोबळ हिशोब करून दाखवतो. ६५ एचपी, पंख्याची (प्रोपेलरची) कार्यक्षमता ७० टक्के धरली तर हवेला प्रत्यक्ष ४५ एचपी. सरळ उडायला साधारण २८. उरले १७. एक एचपी म्हणजे मिनिटाला ३३,००० फूट-पौंड, म्हणून १७ गुणिले ३३,००० भागिले १२२०, आले ४६०. पुस्तकातला आकडा आला की नाही!

आता ३५ डिग्री. प्रमाण हवा १५ ची असते, त्यावरच्या प्रत्येक डिग्रीला विमानाला १२० फूट जास्त उंचीवर असल्यासारखं वाटतं, म्हणजे २० डिग्रीचे २४०० फूट, वर आपल्याकडची दमट हवा, पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते त्यामुळे अजून तीन-चारशे. म्हणजे तुम्ही समुद्रकाठी उभे असताना विमान जवळजवळ २८०० फुटांवर आहे. इंजिन ६५ चं ५९ होतं, पंख्यातून ४१ मिळतात, आणि पातळ हवेत तेवढंच वजन पेलायला वेग जास्त लागतो म्हणून २८ चे २९ होतात. उरले १२. चढ ३२५. इंजिन ९ टक्के गेलं, चढ ३० टक्के गेला. घाटमाथ्यावर याच हिशोबाने ७ एचपी उरतात, म्हणजे २०० च्या आतच.

कुडाळचो मेकॅनिक:
वरचा हिशोब एकदम करेक्ट. मी बरीच वर्षं अशा इंजिनांवर काम केलंय म्हणून पंख्याचं सांगतो, कारण लोक तिकडे बघतच नाहीत. कबचं कॉन्टिनेन्टल ए-६५ हे ६५ एचपी देतं २३०० आरपीएमला, आणि पंखा फिक्स्ड पिचचा, म्हणजे पात्यांचा कोन उडताना बदलता येत नाही, त्यामुळे चढताना थ्रॉटल पूर्ण पुढे असला तरी इंजिन तिथवर पोचतच नाही, लाल डब्याने घाट वरच्या गिअरमध्ये चढायला जावं तसं. कमी पिचचा क्लाइंब पंखा लावला की चढ सुधारतो पण मग सरळ उडताना वेग जातो, दोन्ही मिळत नाही. दुसरं म्हणजे कार्बोरेटर हीट, कार्बोरेटरात गरम हवा सोडणारी कळ. दमट हवेत २५ डिग्रीलासुद्धा कार्बोरेटरात बर्फ धरतो, ही इंजिनं त्याला जरा जास्तच बळी पडतात, म्हणून ती कळ ओढावीच लागते, पण चढताना चुकून ओढलेली राहिली तर गरम हवा आत जाते आणि आधीच कमी असलेली ताकद अजून कमी. आणि तुमच्या आबांचं पुष्पक एरोन्का चीफवरून केलेलं, १९५८ ला पहिल्यांदा उडालं, त्याला सी-९० म्हणजे ९० एचपी. ६५ वाल्यापेक्षा सुखाचं, पण मे महिन्यात दुपारी दोघे बसले तर त्यांनी लिहिलंय ते खरंच असणार.

जुनीपायलट:
स्पीड किती धरताय? कबचं मीटर मैलात असतं, तिथे ५५ च्या आसपास धरायचं, तुम्ही ५५ नॉट धरत असाल तर ते ६३ मैल झाले. आणि चढ कमी दिसला म्हणून नाक अजून वर करू नका, कृपा करून. त्या वेगाच्या खाली गेलात की ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो, सरळ उडायलाच जास्त ताकद लागते, उरलेली शिल्लकही संपते, आणि पुढची पायरी स्टॉल, म्हणजे पंख विमान पेलायचेच थांबतात. हे शिकवताना मी घसा कोरडा होईपर्यंत ओरडलेली आहे.

घाटाबद्दल: दुपारी खारा वारा कड्यावर आपटून वर चढतो, आपल्या बाजूला त्याची मदत होते, घारी कशा पंख न हलवता वर जातात बघा. पण पहाटे मतलई वारा उलटा, कड्यावरून कोकणात उतरतो. सेकंदाला फक्त १ मीटर खाली येणारी हवा म्हणजे मिनिटाला जवळजवळ २०० फूट, तुमचा घाटावरचा सगळा चढ तिथेच खलास. म्हणून कड्याला सरळ भिडायचं नाही, उंची आधी इकडे सपाटीवर कमवायची आणि तिरकं जायचं, म्हणजे जमलं नाही तर थोडं वळून परत मोकळ्या जागेवर येता येतं. सिममध्येसुद्धा हीच सवय लावा.

काटळावरचा:
ताई, नॉटच धरत होतो! आज ५५ मैल धरून बघितलं, ३२५ मिळाला. मग एकटा बसलो (कबमध्ये एकटा असला की मागच्या सीटवर, हेही आजच कळलं), टाकी अर्धी, वजन हजार पौंडाच्या आसपास, आणि त्याच ३५ डिग्रीला साडेचारशे. काल रात्री लॉगबुक पुन्हा उघडलं. "चढ फार मंद" लिहिलेल्या सगळ्या नोंदी दुपारच्या आहेत, सकाळी सातच्या आधीच्या एकाही उड्डाणासमोर तसं लिहिलेलं नाही. मेकॅनिक काका, एका पानावर "पंखा बदलला, आता बरं" असंही आहे, म्हणजे क्लाइंब पंखा लावला असेल का?