उत्तर: भरती आत शिरते, तरी बांधामागची तिवरं का वाळतात?

खाडीकाठच्या बांधामागे भरतीचं पाणी पोचतं, तरी तिथली तिवरं वाळतायत, असा प्रश्न आहे. त्यावर आधी दोघांनी भूजल खाली गेल्याचा अंदाज बांधलाय. नवी मुंबईच्या ऐरोली-वाशी पट्ट्यातल्या खाडीकाठी मला उलट शक्यता जास्त वाटते: पाणी येतं, पण निघत नाही.

खाडीच्या चिकणमातीतून पाणी जवळजवळ झिरपतच नाही. ते फिरतं ते खेकड्यांच्या बिळांतून आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून. ओहोटीला ही बिळं रिकामी होतात, मुळांनी मागे ठेवलेलं मीठ बाहेर जातं आणि हवा आत येते. बांधातून पाणी ये-जा करायला ठेवलेल्या मोरीचा तळ बाहेरच्या नाळीपेक्षा (खाडीच्या पाणवाटेपेक्षा) उंच असेल, तर उधाणाचं (मोठ्या भरतीचं) पाणी आत येतं आणि तेवढ्या उंचीपर्यंत तुंबून राहतं. तिवराची श्वसनमुळं साधारण वीतभर. ती सतत बुडाली की झाड गुदमरतं. एप्रिल-मेमध्ये तेच पाणी आटून समुद्रापेक्षा खारट होतं, तो वेगळाच मार.

खात्री करायला परवानगी घेऊन (ती लागतेच) दीड मीटरचा पीव्हीसी पाइप मीटरभर गाडा. खालच्या ३० सेंटिमीटरला भोकं पाडून जाळीचं कापड गुंडाळा आणि त्याच्या वर पाइपाभोवती बेंटोनाइट (पाण्याने फुगून फट बुजवणारी माती) ठासा. नाहीतर भरतीचं पाणी पाइपाच्या कडेने उतरतं आणि मोजमाप वाया. आतलं पाणी उपसा, पुन्हा भरू द्या, मगच पातळी आणि क्षारता मोजा. बांधाच्या दोन्ही बाजूंना, उधाण आणि भांग (लहान भरती) दोन्ही वेळी. बाहेरची पातळी ओहोटीला उतरते आणि आतली हलत नाही, तर दोष मोरीचा. नवी रोपं लावण्याआधी तिचा तळ खाली घ्या.