मेटा केल्यावर एफटीओच गायब, चौथ्या फाइलीचं काय करू?

कांदेपोहे: बीएमआयचा मेटा करतेय, म्हणजे डीएनएतले फरक आणि बीएमआय यांच्या संबंधाचे वेगवेगळ्या अभ्यासांचे निकाल एकत्र, चार कोहॉर्ट (अभ्यासातले लोकांचे गट), सगळे युरोपियन, मेटल या प्रोग्रॅमच्या डीफॉल्ट स्कीमवर म्हणजे सॅम्पल साइझच्या वेटने. प्रत्येक फाइलीचा क्यूक्यू प्लॉट (पी-व्हॅल्यू अपेक्षेप्रमाणे आहेत का ते दाखवणारा) झकास, लॅम्बडा (पी-व्हॅल्यू फुगल्यात का त्याचा आकडा) पण ठीक, आणि एकत्र केलं की एफटीओचा (बीएमआयशी जोडलेला सगळ्यात प्रसिद्ध जीन) पीकच जातो, आता बीएमआयमध्ये एफटीओ नाही म्हणजे विठोबाशिवाय पंढरपूर. एफटीओतल्या आरएस९९३९६०९ ला डिरेक्शन (चार फाइलींतली परिणामाची दिशा) +++- येतेय, आणि चौथा कोहॉर्ट बाकी तिघांच्या बेरजेएवढा मोठा आहे. ए ॲलीलचा (त्या जागेवरच्या ए अक्षराचा) बीटा, म्हणजे बीएमआयवरचा परिणाम, तिघांत ०.०८ च्या आसपास, चौथ्यात -०.३६. फ्रिक्वेन्सी मात्र चौघांत ०.४१ च्या जवळ. ए/टी एसएनपी (एका अक्षराने बदलणारी जागा) आहे, डीएनएच्या दोन्ही स्ट्रँडवर ए/टीच दिसतं, मग स्ट्रँडचा घोळ असेल का? फाइल उडवून देऊ?

रात्रपाळी: स्ट्रँडच असणार. ए/टी, सी/जी वाले ०.४ ते ०.६ मधले काढून टाक, मोकळी हो.

बाकरवडी: नाही हो, स्ट्रँड उलटा असता तर ए ची फ्रिक्वेन्सी ०.५९ दिसली असती. शेजारचा आरएस१४२१०८५ बघ, तो टी/सी आहे, तिथे स्ट्रँडचा प्रश्नच येत नाही. सी ने बीएमआय वाढायला हवा. एमसी४आर, टीएमईएम१८ हे बीएमआयचे दुसरे माहितीतले जीन पण बघून घे.

कांदेपोहे: सगळे उलटे!! सी पण मायनस.

बाकरवडी: मग अख्ख्या फाइलीत इफेक्ट ॲलील (बीटा ज्याचा धरलाय ते) चुकलंय. एसएनपीटेस्ट हा प्रोग्रॅम वापरलाय का विचार, त्यात बीटा दुसऱ्या कॉलममधल्या 'ॲलील बी' चा असतो आणि लोक पहिला कॉलम बघून 'ॲलील ए' धरतात (हे ए-बी कॉलमचे, डीएनएची अक्षरं नव्हेत). फ्रिक्वेन्सी वेगळीकडून जोडली असेल तर रेफरन्सच्या फ्रिक्वेन्सीशी लावलेला प्लॉट पण स्वच्छ दिसणार. लॅम्बडाला तर काहीच कळत नाही, बीटाची दिशा फिरली तरी पी-व्हॅल्यू तीच राहते. म्हणून माहितीतले लोकस (असे ठरलेले जीन आणि जागा) हाताने बघायचेच, मी तर त्याशिवाय फाइल घेतच नाही.

तिसरी_घंटा: आणि ते ०.३६ कुणी बघितलं का? एफटीओचा इफेक्ट एका ॲलीलमागे साधारण ०.३९ किलो प्रति चौरस मीटर, किंवा ०.०८ एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन). म्हणजे चौथ्यांनी कच्चा बीएमआय घातलाय, बाकीच्यांनी इन्व्हर्स नॉर्मल, म्हणजे एसडीच्या मापात बदललेला. डीफॉल्ट स्कीममध्ये हे खपून जातं, एसटीडीईआरआर (स्टँडर्ड एररवर वेट देणारी स्कीम) लावशील तेव्हा त्यांची स्टँडर्ड एरर मोठी म्हणून एवढ्या मोठ्या कोहॉर्टला वेट काहीच मिळणार नाही. ईझीक्यूसी या फाइली तपासायच्या टूलच्या एसई-एन प्लॉटमध्ये (स्टँडर्ड एरर आणि सॅम्पल साइझचा) तो ठिपका लगेच वेगळा पडतो. फाइल उडवू नकोस आणि स्वतः साइन पण फिरवू नकोस, त्यांच्या ॲनालिस्टला मेल टाक, ॲलील नक्की करून इन्व्हर्स नॉर्मलवर परत रन मागव. जीनोमचा बिल्ड (जागांच्या क्रमांकांची आवृत्ती) ३७ का ३८ तेही त्याच मेलमध्ये विचार.