लेथ नाही म्हणजे वर्कशॉप नाही? मला हे पटत नाही

विश्वामित्री_काठी

चार दिवसांपूर्वी स्पिंडलवाला यांनी इथे लेथबद्दल (लोखंड फिरवून तासायचं यंत्र) लिहिलं होतं, "घरी लोखंडकाम करायचं तर आधी लेथ घ्या. लेथ नाही ते वर्कशॉप नव्हे. कानस घासत बसणं हा छंद नाही, हमाली आहे." त्याखाली नवशिक्या२१ या मुलाने लिहिलं, "मग माझ्याच्याने होणार नाही, राहू दे." आणि तो गप्प झाला. मला राग आला तो ह्याचा. पोराने कानस हातात धरायच्या आधीच आपण ती काढून घेतली.

मी बडोद्याच्या मकरपुऱ्यात एकोणतीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होतो. पहिले दोन महिने मला कुठल्याही मशीनला हात लावू दिला नव्हता. माइल्ड स्टीलचा एक ठोकळा, व्हाइस (लोखंडी शिकंजा) आणि बारा इंची बास्टर्ड, म्हणजे भरड दातांची कानस, बस्स. सहाही बाजू सपाट करायच्या आणि एकमेकींशी काटकोनात आणायच्या. उस्ताद यायचे, ठोकळ्याला गुण्या लावायचे आणि खिडकीकडे धरायचे. मधून उजेडाची रेघ दिसली की एक अक्षर न बोलता ठोकळा परत बाकावर ठेवून निघून जायचे. तळहाताला फोड आले, फुटले, त्यांचे घट्टे झाले. एक दिवस उजेड दिसला नाही. उस्तादांनी ठोकळा दोनदा फिरवून पाहिला, खिशात टाकला आणि मला म्हणाले, "उद्या ड्रिलवर ये."

पुढे लेथवर उभा राहिलो तेव्हा टूल कापतंय की नुसतं घासतंय हे मला पहिल्या आठवड्यात कळायला लागलं. ते त्या दोन महिन्यांमुळे.

तेव्हा नवशिक्या, तुझ्यासाठी लिहितो. भक्कम बाक कर, भिंतीला बांधलास तर उत्तम. त्यावर चार इंची व्हाइस, बाकाच्या पायाच्या बरोबर वर, आरपार बोल्टने. जबड्याची वरची कड तुझ्या कोपराच्या उंचीला यायला हवी. खाली राहिली तर कंबर जाते, वर गेली तर कानस झोके खाते आणि ठोकळ्याच्या कडा गोल होतात. हॅक्सॉची दोन पाती, जाड सळईला इंचाला अठरा दातांचं, पातळ पाइपला चोवीस दातांचं. दात पुढे तोंड करून. गुण्या, खूण ठोकायला सेंटर पंच, रेघ मारायला स्क्राइबर, मोजायला व्हर्नियर. कानशीत आधी खडू घास, म्हणजे किस दातांत अडकत नाही. अडकलेला एक कण पुढच्या फेरीत ठोकळ्यावर असा ओरखडा पाडतो की तो काढायला अर्धा तास जातो. बाकी सगळं गरज पडेल तसं येतं.

स्पिंडलवाला

काका, मान ठेवून बोलतो, पण हे वाचून मला माझं आयटीआय आठवलं आणि आनंद झाला नाही. आम्हीही तीन महिने ठोकळा घासला. वर्गातली निम्मी मुलं तिथेच विटली. आज ती लोखंडाला हात लावत नाहीत.

आता मुद्द्याचं. माझ्या सासऱ्यांच्या शेतावरच्या पंपाचा शाफ्ट (फिरणारा दांडा) झिजला. बेअरिंग ६२०४, म्हणजे आतलं भोक २० मिलिमीटर. शाफ्ट वेल्डिंगने भरून घेतला, आता तो परत विसावर आणायचा, तोही मायक्रॉनच्या हिशोबात. कानशीने करून दाखवा. गोल शाफ्ट, सगळीकडून सारखा. मी लेथवर एका संध्याकाळी केला.

मी 'हमाली' म्हटलं ते ह्या अर्थाने, की जे काम मशीन नीट करतं ते हाताने वाईट करण्यात मोठेपणा नाही. सयाजीरावांनी १८९० साली आपल्या गावात कलाभवन काढलं ते कारागिराच्या हातात त्या काळचं नवं शास्त्र द्यायला. बापजाद्यांचं कसब पुरेसं आहे असं महाराजांना वाटलं असतं तर रसायनशास्त्राच्या गज्जरांना हाताशी धरून शाळा काढलीच नसती.

विश्वामित्री_काठी

बेअरिंग बसायची जागा कानशीने होत नाही. हे मी कुठे नाकारलं? तेवढ्यासाठी शाफ्ट घेऊन टर्नरकडे, म्हणजे लेथवाल्याकडे जावं, आपल्या गावात गल्लोगल्ली आहेत. वर्षातून दोन वेळा लागणाऱ्या कामासाठी घरात चारशे किलोचं धूड आणायचं का, हा माझा प्रश्न आहे.

आणि तुमच्या लेथचा बेड, म्हणजे खालचा पाया, मुळात सपाट कशाने झाला? इंग्रज इंजिनियर व्हिटवर्थने १८४० मध्ये सांगितलं तेच, तीन पाट एकमेकांवर आळीपाळीने घासायचे, उंच दिसेल ते हाताने खरवडायचं. दोन पाट एकमेकांना जुळतात पण एक फुगीर आणि एक खोलगट असू शकतो. तिन्ही जुळले तर सपाट असण्यावाचून गत्यंतर नाही. हाताच्या कामातून यंत्र आलं, यंत्रातून हात नाही.

शिवाय ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर विसरलात? माझा व्हाइस तीन दिवस पाण्यात होता. केरोसीन, तारेचा ब्रश, ग्रीस, आणि रविवारी कामाला लागला. माझ्या मित्राचा राजकोटचा लेथ तळमजल्यावर होता, तो दोघांनी उचलून माडीवर नेता येत नाही. हेडस्टॉक (गिअरची पेटी) उघडला तर आत तेलाऐवजी दुधासारखं पाणी आणि बोटभर गाळ. बेडवर गंजाचे खड्डे. तो माणूस चाळीस वर्षांत माझ्यासमोर कधी रडला नव्हता.

आटेवाला

व्हिटवर्थचं नाव निघालंच आहे तर माझं गाऱ्हाणं ऐका. दुकानात जाऊन "अर्ध्या इंचाचा टॅप द्या" म्हणा, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. कुठला अर्धा, हे विचारणारा एकही दुकानदार मला भेटलेला नाही. बीएसडब्ल्यू, म्हणजे व्हिटवर्थचा ब्रिटिश आटा असेल तर इंचाला १२ आटे आणि कोन ५५ अंश. यूएनसी, म्हणजे अमेरिकी असेल तर १३ आटे आणि कोन ६०. दोन्ही पुड्यांवर "१/२" एवढंच ठळक. मी वडिलांच्या जुन्या हातपंपाच्या बिडाच्या खोक्यात चुकीचा टॅप चालवला. दोन वेढे छान गेला, तिसऱ्याला करकरला, मी जोर लावला आणि टॅप आत मोडला. पन्नास वर्षांचं बीड. मोडलेला टॅप ड्रिलने निघत नाही, तो ड्रिलइतकाच कडक असतो. खोका गेला.

नवशिक्याने लेथ घ्यावा की कानस, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण आट्यांची गेज, म्हणजे आटे मोजायच्या पट्ट्या, पहिल्या दिवशी घ्या. मेट्रिकला भोक साधं आहे, व्यासातून पिच (दोन आट्यांतलं अंतर) वजा, म्हणजे आठ एमएमला ६.८ चं ड्रिल, सहाला ५ चं. इंचाच्या कामात अंदाज चालत नाही.

वायरमन_मांजलपूर

जुन्या बाजारातला लेथ थ्री फेजचा असतो, घरी सिंगल फेज. व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा डबा) लावता येतो, पण मोटरच्या नेमप्लेटवर २३०/४१५ दोन्ही असतील तरच मोटरच्या जोडणीच्या पट्ट्या स्टार पद्धतीवरून डेल्टा पद्धतीवर बदला. आणि लेथ असो नसो, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग. नळाच्या पाइपला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे. मी अशा दोन घरांत गेलोय आणि एका घरात उशीर झाला होता.

तिसरा_मजला

मी इथे सहसा लिहीत नाही. आज लिहिते, कारण तुम्ही सगळे फक्त आपल्या हत्यारांबद्दल बोलता आहात.

आमच्या खाली एक गृहस्थ राहतात. पार्किंगमध्ये त्यांनी 'छोटंसं वर्कशॉप' केलं आहे. अँगल ग्राइंडर (फिरत्या चकतीने लोखंड कापायचं यंत्र) जवळून शंभर डेसिबलच्या आसपास ओरडतो. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ आहे, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. माझे वडील रात्रपाळी करून सकाळी सातला झोपतात. नऊला ग्राइंडर सुरू. मी तीनदा खाली गेले. दरवेळी उत्तर एकच, "ताई, पाच मिनिटांचं काम आहे."

ठिणग्या विझल्या म्हणजे संपल्या असं तुम्हाला वाटतं. त्या उडून दोरीवरच्या कपड्यांवर बसतात. वडिलांचा पांढरा सदरा मी संध्याकाळी काढला तेव्हा स्वच्छ होता. दुसऱ्या दिवशी धुऊन वाळत घातला आणि पाठीवर तांबूस ठिपके उमटले, मोहरीएवढे. ते लोखंड होतं, ओलं होऊन गंजलेलं. डाग निघाले नाहीत.

आणि माझ्या भाच्याने खालचं वेल्डिंग जिन्याच्या खिडकीतून बघितलं. सहा वर्षांचा. रात्री एक वाजता किंचाळत उठला, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणून. दवाखान्यात नेलं. बरा झाला. त्या गृहस्थांना सांगितलं तर म्हणाले, "मुलाला कशाला बघू दिलंत?"

स्पिंडलवाला

ताई, त्या माणसाचं चुकलं. पण त्यामुळे घरी काम करणारे सगळे गुन्हेगार होत नाहीत. ढोल चालतो, डीजे चालतो, नवरात्रात रात्री बारापर्यंत गरबा चालतो, त्याला कोणी डेसिबल मोजत नाही. एक माणूस हाताने काही बनवतो, तोच डोळ्यांत खुपतो.

तिसरा_मजला

गरबा नऊ रात्री असतो आणि आधी माहीत असतो. ग्राइंडर वर्षभर. आणि माझ्या वडिलांची झोप मी तुमच्याकडे मागायला आलेली नाही, ती त्यांची आहे. "डोळ्यांत खुपतो" हा शब्द माझ्या भाच्याची गोष्ट वाचून लिहिलात? परत एकदा वाचा काय लिहिलंत ते.

आटेवाला

ताईंचं बरोबर आहे. माझ्याही इमारतीत मी चॉप सॉ (लोखंड कापायचं चकतीचं यंत्र) चालवायचो. शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला तेव्हा मी भांडलो होतो. आज वाटतं, मी त्याच्या घरात बसून एकदा तो आवाज ऐकायला हवा होता.

वायरमन_मांजलपूर

ठिणग्यांचं मी बघितलंय. गाडीच्या काचेतसुद्धा रुततात. ग्राइंडरमागे ओलं गोणपाट लावा आणि खिडकीकडे तोंड करून कापू नका. वेल्डिंगला तिन्ही बाजूंनी पडदा. गॅल्व्हनाइझ्ड पाइप वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर तर शेजाऱ्यालाच काय, स्वतःलाही रात्री थंडी वाजून ताप आणतो. जस्त आधी घासून काढा.

स्पिंडलवाला

तिसरा मजला ताई, मी परत वाचलं. लिहायला नको होतं. भाच्याची माफी मागतो.

पण एक सांगतो, लेथला ह्यात ओढू नका. बेल्टचा लेथ चालताना माझ्या बायकोला शेजारच्या खोलीत टीव्ही ऐकू येतो. ठिणगी नाही. २५ एमएमच्या सळईला पावणेचारशे आरपीएम, त्यात ओरडायला काय आहे? ग्राइंडरचं पाप लेथच्या माथी मारू नये.

विश्वामित्री_काठी

हे मान्य. लेथ शांत असतो.

कानसही शांत असते, हे मीच आधी लिहायला हवं होतं. माझ्या मनात नव्हतं, कारण मी कारखान्यात वाढलो, तिथे सगळंच ओरडत होतं. आता घरी आल्यापासून मी पहाटे पाचला बाकावर उभा राहतो. ठोकळा, कानस, खडू. घरात नातू झोपलेला असतो, तो जागा होत नाही. ग्राइंडरने दहा सेकंदांत कापतं ते हॅक्सॉने चार मिनिटांत कापतं, मिनिटाला पन्नास फेऱ्या, मागे येताना दाब सोडून. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पोराला मी ग्राइंडर घेऊच नको म्हणेन, निदान पहिलं वर्ष.

स्पिंडलवाला, आयटीआयमध्ये मुलं विटली असं तुम्ही लिहिलंत, ते दोन दिवस डोक्यात आहे. आमच्याही बॅचमधले चौघे निघून गेले होते. त्यांच्या ठोकळ्याकडे उस्ताद खिडकीशी धरून बघायचे, पण चूक कुठे होते ते कुणी हात धरून दाखवायचं नाही. दोष कानशीचा नव्हता. पण मुलं गेली, हे खरं.

नवशिक्या२१

काका, मी गप्प झालो नव्हतो, परीक्षा होती. काल जुन्या बाजारातून चार इंची व्हाइस आणला. जबडे ठीक आहेत, पण हँडल अर्धा वेढा फिरवलं तरी जबडा हलतच नाही, मग एकदम सरकतो. घट्ट केला तरी सळई फिरते. आतला नट झिजलाय बहुतेक. कानशीने काही होईल?

विश्वामित्री_काठी

अर्धा वेढा रिकामा जातो म्हणजे नटच गेला. नाही होणार. चौकोनी आटा आहे, आतून. तो कानशीने होत नाही.

स्पिंडलवाला

रविवारी स्क्रूसकट माझ्याकडे घेऊन ये. पिच मोजू, माझ्याकडे गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) तुकडा पडलाय, त्यात नट करू. आटा पाडायचं टूल आधी घासून घ्यावं लागेल, बाजूला थोडा कोन देऊन, नाहीतर आत घासेल.

विश्वामित्री_काठी

रविवारी मीही येतो. टूल घासायला मी उभा राहीन. येताना तो स्क्रू केरोसीनमध्ये रात्रभर ठेव, मळ निघाल्याशिवाय पिच खरी मोजली जाणार नाही.

आटेवाला

गेज माझ्याकडून न्या. आणि आधी बघा इंची आहे की मेट्रिक.