यूएसबी टीव्ही रिसीव्हरचा ड्रायव्हर लिहायचा तर मुख्य कर्नलसाठीच. पटतंय का?

कळंबा_रूट (धागाकर्ता)

कोल्हापुरात शाहूपुरीतून एक यूएसबी सॅटेलाइट रिसीव्हर घेतला. फ्री डिशची डिश गच्चीवर आधीपासून होतीच, आग्नेयेकडं तोंड करून. विंडोजवर लगेच चित्र आलं. लिनक्ससाठी कंपनीनं साइटवर ड्रायव्हरच्या कोडची एक झिप ठेवलीय, ती जुन्या कर्नलवरच (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) कंपाइल होते. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण या धंद्याची रीतच ती आहे. माल विकायचा, झिप टाकायची, पुढच्या वर्षी नवा माल.

माझं म्हणणं सरळ आहे. असा ड्रायव्हर लिहायचाच असेल तर मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यांना मिळणाऱ्या अधिकृत कर्नलमध्ये, जाईल अशा बेतानं लिहावा. कुठंतरी वेगळी शाखा काढून ठेवायची आणि 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणून सोडून द्यायचं, त्यापेक्षा न लिहिलेला बरा. आणि हे काम आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी करावं.

ड्रायव्हर म्हटलं की हजारो ओळी डोळ्यापुढं येतात. प्रत्यक्षात डब्यात मुख्य चिपा तीन असतात. यूएसबीशी बोलणारा ब्रिज, फ्रिक्वेन्सी पकडणारा ट्यूनर आणि सिग्नल उलगडणारा डीमॉड्युलेटर, थोडक्यात डीमॉड. पुढचे दोन ब्रिजला आयटूसीनं, म्हणजे चिपांनी आपसात बोलायच्या दोन तारांनी, जोडलेले. डीमॉड आणि ट्यूनर बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या, त्यामुळं त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये बहुतेक वेळा आधीच असतात. उरतं ते जोडकाम. आयटूसीवर कुणाचा पत्ता काय, रीसेटची पिन कुठली, एलएनबीला (डिशच्या पुढ्यातला सिग्नल घेणारा भाग) 13 व्होल्ट का 18 हे कशानं ठरतं. डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, कुणी देत नाही. मग व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज चालवायचं, रिसीव्हर तिकडं जोडायचा, आणि खाली लिनक्सवर यूएसबीमॉन (यूएसबीवरचं बोलणं टिपणारी सोय) लावून वायरशार्कमध्ये बघायचं की कुठले बाइट कुठल्या क्रमानं जातात. बाबूराव पेंटरांनी 1918 साली याच गावात स्वतःचा सिनेमा कॅमेरा घडवला, त्यांना तरी कुणी ड्रॉइंग दिलं होतं?

मिरजकर_तिकटी

दादा, बाबूरावांना सिनेमा काढायचा होता म्हणून त्यांनी कॅमेरा घडवला. तुम्हाला कुठला सिनेमा काढायचाय?

फ्री डिशचा बॉक्स टीव्हीला जोडला की काम झालं, त्याला लिनक्स कशाला? आणि ऑनलाइन ज्या स्वस्तातल्या स्टिका मिळतात त्या डीव्हीबी-टीच्या, म्हणजे जमिनीवरच्या टॉवरवरून येणाऱ्या डिजिटल टीव्हीच्या. दूरदर्शननं 2016 मध्ये 16 शहरांत डीव्हीबी-टी2 चालू केलं. महाराष्ट्रातली त्यात मुंबई आणि औरंगाबाद, कोल्हापूर न्हाई. शिवाय जुनी टी स्टिक टी2 पकडतच नाही. म्हणजे इथं ती टीव्ही म्हणून शून्य. पोरं मॅच मोबाइलवर बघतात. मरत चाललेल्या वस्तूपायी त्यांचं शेवटचं वर्ष घालवू नका.

रंकाळा_चौपाटी

मोबाइलवर बघतात हे खरं, पण शेजारच्या टीव्हीवर विकेट पडून ओरडा होतो तेव्हा मोबाइलवर बॉलर अजून रनअपला असतोय.

यूजरस्पेसवाला

टीव्ही मरतोय का जगतोय हे बाजूला ठेवू. माझा प्रश्न वेगळा आहे. हे कर्नलमध्ये कशासाठी?

लिबयूएसबी ही लायब्ररी घेऊन यूजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलच्या बाहेर, साधा प्रोग्रॅम लिहा. त्यात चूक झाली तर प्रोग्रॅम मरतो, मशीन नाही. कर्नलमध्ये एक पॉइंटर चुकला की सगळंच आडवं. त्यात यूएसबी म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा, तो 'मी अमुक आहे' म्हणतो आणि ड्रायव्हर विश्वास ठेवतो. 2017 मध्ये सिझकॉलर या कर्नलमधल्या चुका शोधणाऱ्या साधनानं खोटी यूएसबी उपकरणं भासवून तपासणी झाली तेव्हा जुन्या टीव्ही ड्रायव्हरांत ढिगानं चुका निघाल्या. डीआयबी0700 सारखा वर्षानुवर्षं वापरातला ड्रायव्हरही त्यात होता. म्हणजे घरात कुणी टीव्ही बघत नसलं तरी ते मोड्यूल लॅपटॉपवर पडून असतं, आणि नेमका पेनड्राइव्हसारखा डबा लावला की जागं होतं.

आणखी एक. आरटीएल2832यू चिपची स्टिक आज हजारो लोक रेडिओ म्हणून वापरतात. ते पहिलं काम काय करतात? कर्नलचा टीव्ही ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट करतात, म्हणजे त्याला लोडच होऊ देत नाहीत.

कळंबा_रूट

भावा, गोष्ट सांगितलीस पण अर्धी. ती स्टिक रेडिओ म्हणून चालते हे जगाला कळलं कसं? 2012 साली अन्टी पालोसारी हे कर्नलचे टीव्ही ड्रायव्हर लिहिणारे गृहस्थ याच चिपवर काम करत होते. एफएम ऐकताना ती चिप कच्चे सॅम्पल सरळ यूएसबीवर ढकलते हे त्यांच्या लक्षात आलं. त्यावर पुढं ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींनी आरटीएल-एसडीआर, म्हणजे स्टिकचा रेडिओ करणारं सॉफ्टवेअर, उभं केलं. कर्नलवाले खोलात गेले म्हणून तुझं यूजरस्पेसचं दुकान उघडलं.

आणि त्या स्टिकनं फ्री डिश बघून दाखव. ती सेकंदाला धड चोवीस-पंचवीस लाख सॅम्पल देते, आणि फ्री डिशच्या ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरची एक वाहिनी, जिच्यावर अनेक चॅनल एकत्र येतात) सेकंदाला 2 कोटी 95 लाख सिम्बॉल, म्हणजे सिग्नलचे तुकडे, येतात. म्हणजे हार्डवेअर डीमॉड लागणारच, आणि तो आला की त्यातून 188 बाइटांची पाकिटं बाहेर पडणार. ती कर्नलच्या ठरलेल्या डीव्हीबी डिव्हाइस फाइलवर आली तर व्हीएलसी, कॅफिन, टीव्हीहेडएंड, टीव्हीचे सगळे प्रोग्रॅम न विचारता चालतात. तुझ्या लिबयूएसबीवाल्या प्रोग्रॅमसाठी यातल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन हात जोडावे लागतील.

यूजरस्पेसवाला

'ठरलेली फाइल' ठरायला किती काळ गेला तेही सांग की. डीव्हीबी-एस2, म्हणजे उपग्रह टीव्हीचं नवं मानक, आलं तेव्हा कर्नलचा जुना इंटरफेस त्याला पुरेना. मल्टिप्रोटो नावाचा एक प्रस्ताव होता, त्यावर काम झालेलं होतं, लोक वापरतही होते. तो बाहेरच लटकला. मग समोर एस2एपीआय हा दुसरा प्रस्ताव आला, कडाक्याचं भांडण झालं, आणि एस2एपीआय कर्नलमध्ये घुसला तो 2.6.28 मध्ये, 2008 च्या डिसेंबरात. तोवर एस2 चं कार्ड घेतलेल्या माणसानं काय करायचं? पॅच, म्हणजे कोडमधले बदल, हातानं लावत बसायचं. मुख्य कर्नल म्हणजे स्वर्ग नव्हे.

एमआयडीसी_शिरोली

मी टीव्हीवाला नाही. कारखान्यात तपासणीचे कॅमेरे बसवतो, त्यांचे ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचे. म्हणून या वादात माझं मत कळंबा_रूटकडं झुकतंय.

कर्नलच्या आतल्या फंक्शनांना स्थैर्याची हमी नसते आणि ते लपवून ठेवलेलं नाही, धोरणच तसं आहे. आत असलेला ड्रायव्हर बदल करणाराच दुरुस्त करतो, बाहेरचा ज्याचा त्यानं बघायचा. टीव्ही ड्रायव्हरांचंच उदाहरण घ्या. त्यातले कितीतरी जण यूएसबीला पाठवायचा बफर फंक्शनच्या स्टॅकवरच, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या मेमरीतच, ठेवायचे. डीएमएसाठी (हार्डवेअरनं मेमरी थेट वाचण्यासाठी) ते मुळातच चूक, पण चालून जायचं. 2016 अखेर कर्नल 4.9 आला, त्यात कर्नलचा स्टॅक व्हीमॅलॉक नावाच्या वेगळ्या प्रकारच्या मेमरीत नेण्याची सोय आली, आणि ही चालून जाणारी चूक चालेनाशी झाली. मीडिया विभागाच्या देखभालकर्त्यांनी एकामागून एक ड्रायव्हर घेऊन बफर हलवले. ज्यांच्याकडं ते हार्डवेअर कधी नव्हतं त्यांचेही ड्रायव्हर दुरुस्त झाले. त्याच काळात झिपवाल्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. आमच्याकडं एक कॅमेरा अजून जुन्याच उबंटू लिनक्सवर चालतोय आणि त्या पीसीला नेटची वायर लावायची कुणाची हिंमत नाही.

यूजरस्पेसवाला

म्हणजे आतलेही मोडले होतेच. दुरुस्त झाले ही नंतरची गोष्ट.

एमआयडीसी_शिरोली

झाले की पण! तेच तर म्हणतोय.

शिकवणारी

मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते. 'पोरांनी करावं' हे वाक्य वाचून थोडं हसू आलं. करतील की. पण पोरांकडं एक सेमिस्टर असतं, त्यातले सुरुवातीचे आठवडे विषय ठरवण्यात जातात, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांना टेबलावर काहीतरी हलताना किंवा लुकलुकताना दिसावं लागतं. कर्नलच्या देखभालकर्त्याला आमच्या सबमिशनच्या तारखेशी काय देणंघेणं? पॅच साध्या मजकुराच्या मेलमध्ये जायला हवा, खाली स्वतःची साइन्ड-ऑफ-बाय ओळ, म्हणजे सही, हवी, कोडची मांडणी तपासणाऱ्या चेकपॅचची कुरकुर मिटलेली हवी. एवढं केल्यावर उत्तर येतं की दोन भागांत तोडून पुन्हा पाठवा. हे शिक्षण फार चांगलं आहे, मला मान्य आहे. त्याला मार्क द्यायचा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही.

दुसरी अडचण हार्डवेअरची. एका गटामागं एक रिसीव्हर, डिश, एलएनबी, गच्चीची चावी. पावसाळ्यात जोराची सर आली की केयू बँडचा सिग्नल जातो, मग पोरं विचारतात, 'मॅडम, कोड चुकला का ढग आलेत?'

सुरुवात विडटीव्हीपासून करावी असं मी सुचवेन. हा कर्नलमधलाच खोटा टीव्ही ड्रायव्हर आहे. खरा ट्यूनर नसताना तो डीमॉड, ट्यूनर आणि पाकिटांचा प्रवाह सगळं भासवतो. 2020 मध्ये तो कर्नलमध्ये आला, आणि लिहिणारा त्या वेळी मार्गदर्शन उपक्रमातून शिकणारा नवखा होता. तो वाचून समजला की मग खऱ्या डब्याकडं वळा.

मिरजकर_तिकटी

मॅडम, म्हणजे खोट्या टीव्हीचा खोटा ड्रायव्हर. आमचा मुद्दा तुम्हीच पुढं नेलात. 😀

चिखलीकर

कुठला सिनेमा काढायचाय असं वर विचारलंय. ऐका.

2019 च्या ऑगस्टात चिखली, आंबेवाडी पाण्यात होती. महामार्ग बंद, लाइट गेलेली, मोबाइलला रेंज आली तर आली. लोक एका हॉलमध्ये. बातम्या म्हणजे कुणीतरी कुणाकडून ऐकलेलं. धरणाचे दरवाजे किती उघडले यावर इतक्या अफवा होत्या की विचारू नका. इन्व्हर्टर होता, डिश होती, बॉक्सही होता, पण एका बॉक्सवर एका वेळी एकच चॅनल आणि टीव्ही एकच, त्याच्यापुढं अख्खं गाव.

यूएसबी रिसीव्हर आणि एक जुना लॅपटॉप असता तर? रिसीव्हर अख्खा ट्रान्सपाँडर घेतो, त्यावर डझनभर चॅनल असतात. टीव्हीहेडएंड ते एकाच वेळी वायफायवर सोडतो. नेट नसलं तरी राउटर चालतोच की. एकजण सह्याद्री बघेल, दुसरा दुसरं काही, आणि बातमीपत्र रेकॉर्ड करून उशिरा आलेल्यालाही दाखवता येईल. पूर नसेल तेव्हा हेच शाळेत लावा. स्वयंप्रभाचे चॅनल 2017 मध्ये सुरू झाले तेच मुळी जीसॅट-15 वरून, फ्री डिशच्याच उपग्रहावरून.

हे चालायला लॅपटॉपवर ताजं लिनक्स घातलं की डबा ओळखला गेला पाहिजे. पुराच्या पाण्यात उभं राहून झिप कोण कंपाइल करणार?

मिरजकर_तिकटी

हे पटलं. पण वापर पटला, ड्रायव्हर नाही. सॅट-आयपीचा डबा घ्या. एका बाजूनं डिशची वायर, दुसऱ्या बाजूनं नेटवर्कची. लॅपटॉपला ड्रायव्हर लागतच नाही, मोबाइलवरही चालतं.

कळंबा_रूट

आणि त्या डब्याच्या पोटात काय असतं? बहुतेकांत लिनक्सच, आणि डीमॉडचे ड्रायव्हरही. फक्त ते तुमच्या हातात नसतात.

मुक्तछंद

तुम्ही सगळे 'मुक्त ड्रायव्हर' म्हणताय म्हणून विचारतो. यातल्या बऱ्याच डीमॉडना चालू होताना फर्मवेअरची, म्हणजे चिपच्या स्वतःच्या प्रोग्रॅमची, फाइल भरवावी लागते. ती फाइल कुठून येते? अनेकदा विंडोजच्या ड्रायव्हरमधून कापून काढलेली असते. सोर्स नाही, वाटायची परवानगीही कित्येकदा धड नाही. कर्नलमधला सी कोड जीपीएल या मुक्त परवान्याचा, आणि सिग्नल उलगडायचं खरं डोकं बंद डब्यात. याला मुक्त कसं म्हणायचं?

कळंबा_रूट

पूर्ण मुक्त नाही, बरोबर. पण तेवढ्यासाठी थांबलो तर उरलेलंही बंदच राहील. फर्मवेअर चिपच्या आत चालतं. माझ्या मशीनच्या मेमरीत जे चालतं ते तरी मला वाचता यावं.

मुक्तछंद

'तेवढं तरी' म्हणत म्हणतच आपण इथवर आलोय.

यूजरस्पेसवाला

तत्त्वज्ञान पुरे. कळंबा_रूट, डबा उघडलास का? चिपा कुठल्या?

कळंबा_रूट

उघडला. ब्रिज सायप्रेसचा एफएक्स2, डीमॉड मोंटाजचा एम88डीएस3103, ट्यूनर त्याच घरचा टीएस2022.

यूजरस्पेसवाला

मग वाद कशाला घातलास? ही तिकडी डीव्हीबीस्काय ड्रायव्हरमध्ये आहेच. तुझ्या डब्याचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी तेवढा नवा असणार. सिसएफएसमध्ये (चालू कर्नलला माहिती द्यायच्या फाइली) न्यू-आयडीला तो लिही, संपलं.

कळंबा_रूट

नाही चालत. डीव्हीबीस्काय ज्या चौकटीवर उभा आहे त्या डीव्हीबी-यूएसबी-व्ही2 च्या ड्रायव्हरांत तो रस्ता बंद ठेवलाय. प्रत्येक आयडीला त्या डब्याची माहिती जोडलेली लागते, ती बाहेरून देता येत नाही. म्हणून आयडीची ओळ घालून मोड्यूल नव्यानं बनवलं. डबा ओळखला जातो, फर्मवेअर चढतं. पण गंमत अशी, आधी विंडोज चालवून मग लिनक्समध्ये रीस्टार्ट केलं तर चॅनल लागतात. रात्रभर बंद ठेवून सरळ लिनक्स लावलं तर लॉक, म्हणजे सिग्नलची पकड, मिळत नाही.

शिकवणारी

हा प्रश्न मात्र मी परीक्षेत घालणार!

यूजरस्पेसवाला

म्हणजे विंडोज सुरुवातीला एक काम करतंय जे डीव्हीबीस्काय करत नाही. तुझ्या डब्याला 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असणार, एलएनबीचा भार यूएसबीला झेपत नाही. मशीन रीस्टार्ट केलं तरी अडॅप्टरमुळं डबा चालूच राहतो आणि विंडोजनं लावलेली पिन तशीच टिकते. थंड अवस्थेत मल्टिमीटर लावून डिशच्या कनेक्टरवर व्होल्ट मोज. 13 च्या आसपास काही नसेल तर एलएनबीला वीजच जात नाही, म्हणजे एखादी जीपीआयओ (ब्रिजची चालू-बंद करायची पिन) राहिलीय. मग अडॅप्टर काढ, थोडा वेळ थांब, यूएसबीमॉन चालू कर, आणि त्यानंतरच डबा विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनला जोड. पहिल्या लॉकच्या आधीचे कंट्रोल मेसेज इथं टाक, आम्ही बघतो.

आणि माझं मत बदललं असं समजू नकोस. कुठल्या बाइटनं पिन हलते ते आधी पायथॉन आणि लिबयूएसबीनं शोध. त्यासाठी दरवेळी कर्नल पाडायची गरज नाही.