लांबलेलं अँटिबायोटिक आणि बुरशीचा त्रास : मराठवाड्यातले अनुभव

पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाल्यामुळे माझं अँटिबायोटिक कित्येक आठवडे चाललं. पाय सुधारत गेला, पण त्याच काळात जिभेवर पांढरा थर आला, जांघेत लालबुंद चट्टे उठले आणि वरणभातालासुद्धा चव लागेना. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. कँडिडा नावाची बुरशी आपल्या तोंडात, आतड्यात आणि बायकांच्या योनिमार्गात एरवीही थोडीफार असतेच. तिथले जीवाणू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिक त्या जीवाणूंनाही मारतं, बुरशीला मात्र काही करत नाही. जागा मोकळी झाली की ती पसरते. शुगर असेल, स्टिरॉइड चालू असेल तर आणखी लवकर.

लातूरला दवाखान्यातल्या बाकावर शेजारचा माणूस टीबीचं सांगतो, शुगरचं सांगतो, जांघेतल्या खाजेचं सांगत नाही. सहन होईनासं झालं की गुपचूप मूळ गोळ्याच बंद करतो. मला याचीच फार काळजी वाटते, म्हणून हा धागा. औषध कशासाठी चालू होतं, त्रास कसा लक्षात आला, डॉक्टरांनी काय बदललं ते लिहा. नाव नको, तालुका पुरे.

उदगीर तालुका, दुधाचा धंदा

आमच्याकडं देवणी गायी हायेत. एकीनं अवेळी गाभ टाकला, वार मीच हातानं काढली. पुढं मला ताप यायलता, जायलता, रातच्याला घामानं अंथरूण भिजायचं, कंबर तर धरूनच बसली. रक्त तपासलं तर ब्रुसेलोसिस, गुरांपासनं माणसाला लागणारा रोग. डॉक्सिसायक्लिन अन् रिफाम्पिसिन, दोन्ही सहा आठवडे.

ताप उतरला, पण गालाच्या आतून पांढरे ठिपके आले. फडक्यानं पुसले की खालून लालभडक, भाकर लागायची. डॉक्टरनं तोंडात लावायचं क्लोट्रिमाझोलचं पातळ औषध दिलं अन् बजावलं, ठिपके गेले तरी सांगितले तेवढे दिवस लावायचं.

मग गिळताना छातीच्या मधोमध दुखायला लागलं. बुरशी खाली उतरली असंच वाटलं. डॉक्टरनं आधी विचारलं, गोळी कशासंगं घेता? डॉक्सिसायक्लिनची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम होती म्हणे. तवापासून ग्लासभर पाण्यासंगं, बसून घेतो, नंतर अर्धा तास आडवा होत नाही. दुखणं थांबलं. थांबलं नसतं तर दुर्बीण घालून बघणार होते, कारण बुरशी खरंच तिथवर जाती अन् मग लावायच्या औषधानं भागत नाही, पोटातून घ्यावं लागतं.

गुरंवाल्या भावांनो, गाभडलेलं वासरू अन् वार उघड्या हातानं उचलू नका, दूध उकळूनच प्या. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात या रोगाची लस मिळती, ती टोचून घ्या.

धारूर तालुका, आशा कार्यकर्ती

मी माझं नाही, माझ्या गावातल्या बायकांचं लिहिते. कुणाचीही ओळख लागू देणार नाही.

टीबीचा कोर्स निदान सहा महिन्यांचा. आमच्याकडच्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीवर जातात, गोळ्या सोबत नेतात. फडात आडोसा नाही, पाणी टँकरचं, दिवसभर तेच घामेजलेले कपडे. अशात एकीला खाज सुरू झाली. ‘अंगावर पांढरं जातंय’ म्हणून ती आधी मुकादमाच्या बायकोशी बोलली. उत्तर मिळालं, गोळ्या गरम पडल्या, बंद कर. तिनं मला फोन केला म्हणून बरं झालं. टीबीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग उपचार कितीतरी अवघड होतो.

बायकांना मी विचारते ते एवढंच : दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट आहे का, वास नसून नुसती खाज आणि आग आहे का? मग बुरशीची शक्यता जास्त. घाण वास, हिरवट-पिवळा रंग, ओटीपोटात दुखणं, ताप, यातलं काही असेल तर कारण वेगळं, आणि तपासणी त्याच दिवशी. पण बुरशीच आहे हे शेवटी डॉक्टरच ठरवतात.

त्या बाईच्या डॉक्टरांनी योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या दिल्या. एका गोळीत काम होणारं फ्लुकोनाझोल का नाही, असं मी मुद्दाम विचारलं. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन फ्लुकोनाझोलची रक्तातली मात्रा कमी करतं, असं उत्तर आलं. याच रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचाही भरवसा राहत नाही. माला-एन घेणाऱ्या बाईला टीबीची औषधं लागली तर तांबी किंवा निरोध हे मी आता पहिल्याच भेटीत सांगते.

आणि नवऱ्यांनो, हा आजार बायकोनं ‘बाहेरून आणलेला’ नसतो. या एका संशयानं घरं मोडायची वेळ आलेली मी बघितली आहे.

परभणी

वडिलांची कवळी. फुप्फुसाच्या जुन्या दुखण्यासाठी अँटिबायोटिक आणि वरून स्टिरॉइडचा पंप. औषध लावून टाळू बरी व्हायची, पुन्हा लाल. कवळी रात्री काढून, घासून, भिजवून ठेवायला लागलो आणि पंपानंतर दरवेळी चूळ भरायला लावली. तेव्हा कुठे परत यायचं थांबलं.

नांदेड, मधुमेह, पायाची जखम

पायाच्या जखमेसाठी अँटिबायोटिक लांबलं. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन आधीपासून होतं. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते, त्यामुळे त्या जागी बुरशीला आयतं खाद्य मिळतं. त्यात अँटिबायोटिक. पुढची कातडी लाल झाली, चिरा पडल्या, लघवीला बसणं नको वाटायचं. पुरुषांनाही हे होतं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी मलम दिलं, ती शुगरची गोळी काही काळ थांबवली. आराम पडेना म्हणून फ्लुकोनाझोल द्यायचं ठरलं. त्याआधी त्यांनी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली. पिशवीत ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगरचीच दुसरी गोळी, निघाली. फ्लुकोनाझोलसोबत त्याचा जोर वाढतो आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. डोस कमी केला, घाम-थरथर सुटली तर काय करायचं ते बायकोलाही समजावलं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर तेही आधी सांगा, त्याच्याशीही हे औषध जुळत नाही.

छत्रपती संभाजीनगर, विद्यार्थिनी

मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन. खाज सुरू झाल्यावर रूममेटनं एक व्हिडिओ दाखवला : सकाळी उठल्याबरोबर ग्लासातल्या पाण्यात थुंकायचं, थुंकीचे धागे खाली उतरले तर अंगात कँडिडा. सोबत साखर, गूळ, भाकरी सगळं बंद करायचा तक्ता. त्वचेच्या मॅडम म्हणाल्या, थुंकीवरून कँडिडा कळत नाही, आणि निरोगी माणसानं भाकरी सोडून तो जातो याला आधार नाही. दही खा, पण उपचार म्हणून त्यावर विसंबू नकोस. दूध, लोहाची गोळी आणि ॲसिडिटीचं औषध डॉक्सिसायक्लिनपासून निदान दोन तास लांब ठेव.

मला सगळ्यात उपयोगी पडला तो एक प्रश्न : ‘मॅडम, ही गोळी अजून लागणार आहे का?’ मुरुमांसाठी ती साधारण तीन-चार महिन्यांवर नेत नाहीत. माझी बंद करून लावायच्या जेलवर आणलं. टीबीत किंवा हाडाच्या संसर्गात असं करता येत नाही हे समजतं, पण प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

हिंगोली

जांघेतल्या चट्ट्यांवर मेडिकलमधून मिळणारी तीन औषधांची ट्यूब लावू नका, कळकळीनं सांगते. तिच्यात बहुतेक वेळा कडक स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि कातडी पातळ होते.

माझं स्वतःचं : वारंवार लघवीचा संसर्ग, म्हणून रोज रात्री सेफॅलेक्सिनची छोटी मात्रा. एका वर्षात बुरशी चौथ्यांदा आली. दरवेळी तीच गोळी घेण्याऐवजी यावेळी मॅडमनी स्राव कल्चरला पाठवला, कारण कँडिडाचे सगळे प्रकार फ्लुकोनाझोलला दाद देत नाहीत. त्यातला ग्लॅब्राटा नावाचा प्रकार निघाला तर औषध वेगळं लागतं. शुगरही तपासली, ती ठीक आहे. रिपोर्ट आला की इथंच लिहीन. तोवर गरोदर असलेल्या बहिणींना एक विनंती : मैत्रिणीच्या सांगण्यावरून फ्लुकोनाझोल घेऊ नका. गरोदरपणात सहसा योनीत ठेवायचं औषधच देतात, तेही डॉक्टरांना विचारून.