रोपांना पैसे मिळतात, पाण्याला नाही

ओलीमाती: आम्ही नऊ जण, सगळे वीस-बावीसचे. वस्तीमागच्या जागेत राडारोडा पडायचा. तीन महिने खपून ती साफ केली आणि दीडशे रोपं लावली. रोपं एका संस्थेने दिली, फलक लागला, फोटो झाले. आता उन्हाळा आहे. रोज खोडाची साल नखाने जराशी खरवडून बघते, आत हिरवं दिसलं की जीव आहे. काल एका ओळीतल्या सातांपैकी तीनच हिरवी निघाली. पाण्याचे डबे आम्हीच वाहतो, पण परीक्षा आली की फेऱ्या चुकतात. अर्ज केला की सगळे विचारतात, आणखी किती झाडं लावणार? पाइप, कुंपण, पाणी यासाठी पैसे कसे मागायचे?

कुदळ: आधी एक विचारतो, जागेचा कागद आहे का? आमची बाग तोंडी परवानगीवर उभी होती. चार वर्षांची झाडं एका सकाळी गेली. अजून त्या रस्त्याने जाववत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्ती आणि तिच्या ‘ग्रीन गुरिला’ मंडळींनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची कचऱ्याने भरलेली जागा साफ केली. पुढच्याच वर्षी शहराने ती महिना एक डॉलर भाड्याने दिली. रक्कम नाममात्र, पण हातात कागद आला. याच शहराने १९९९ मध्ये शंभरावर सामुदायिक बागा लिलावात काढल्या होत्या. दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. म्हणून पाइपच्या आधी जागेचा लेखी करार, निदान पाच वर्षांचा.

अर्जात ‘दीडशे रोपं’ लिहूच नकोस. ‘तीन वर्षांनी इतकी जिवंत’ असं लिही आणि खर्च वर्षवार मांड. मियावाकी पद्धतीच्या दाट लागवडीलाही पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि निंदणी लागतेच, हे देणाऱ्याला स्पष्ट सांग.

सावली: कुदळशी सहमत, पण माणसांचं काय? पाणी घालणाऱ्या मुलांना मानधन धरा. पोरं हौसेने करतात म्हणून फुकट राबवायचं, हे मला पटत नाही. ज्यांना घरी पैसे द्यावे लागतात तीच आधी गळतात आणि मग गट फक्त सुखवस्तू घरातल्यांचा उरतो. गटाची नोंदणी नसेल तर नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात पैसे घ्या; मात्र खर्चाचा निर्णय तुमचा, हे लेखी ठरवा. आणि आजच आळ्यांत पाचोळा पसरा, ओल टिकते, फेऱ्या कमी होतात.

ओलीमाती: कागद नाही. सोमवारी त्यासाठीच जाते. मानधनाचं आमच्यात कुणी बोललंच नव्हतं, आणि दोघं खरंच त्यामुळे गेले. त्यांना परत बोलावते. पाचोळा खोडाला टेकवायचा का?

कुदळ: नाही. चार बोटं लांब ठेव, नाहीतर बुंधा कुजतो.